शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे : गर्भाशय काढलेल्या स्त्रीची शुश्रूषा आणि गावाची जबाबदारी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव महाराष्ट्राला परिचित झाले ते पाण्यामुळे. नगर तालुक्यातील हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली आणि अनेक कुटुंबे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली. ऊस व केळी यांसारखी भरमसाट पाणी लागणारी पिके घ्यावयाची नाहीत आणि सिंचनासाठी कूपनलिका खोदावयाच्या नाहीत, असे ग्रामसभेने ठरविले. दरवर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पडली. घरोघरी शौचालये झाली आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. श्री. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो सन्मान गावाच्या सामुदायिक शिस्तीचाही होता.

या परिवर्तनाकडे आजवर शेतीच्या आणि जलसंधारणाच्या दृष्टीने पुष्कळ पाहिले गेले. ते स्त्रीच्या आजारपणाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखे आहे. मोठी शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या स्त्रीला पहिल्या दिवसापासून चार गोष्टी लागतात : हाताशी स्वच्छ पाणी, घरात शौचालय, काही आठवडे ओझे न उचलण्याची मोकळीक, आणि ती अंथरुणावर असताना चूल पेटती राहील एवढी शाश्वती. शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. प्रकृती मात्र घरी सुधारते. आणि वरील चार गोष्टींचा पुरवठा औषधाच्या दुकानातून होत नाही. तो घराच्या समजूतदारपणातून आणि गावाच्या कारभारातून होत असतो.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, जिला खेड्यापाड्यांत 'पिशवीचे ऑपरेशन' म्हणतात, ही अशा शस्त्रक्रियांपैकी एक होय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे तीन स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे मध्यम आकाराच्या कोणत्याही गावात अशा काही भगिनी असतातच. त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही म्हणून त्या दिसत नाहीत, इतकेच.

शरीरात कोणता बदल होतो?

गर्भाशय हा ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे व गुदाशयाच्या पुढे असलेला स्नायुमय अवयव आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस अंडाशय असतात. शस्त्रक्रियेत कधी गर्भाशय व त्याचे मुख दोन्ही काढतात, तर कधी मुख तसेच ठेवतात. अंडाशय काढावयाचे की ठेवावयाचे, हा निर्णय स्वतंत्र असतो. शस्त्रक्रिया पोटावर छेद घेऊन, योनिमार्गाने किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने केली जाते. कोणत्याही पद्धतीने गर्भाशय मुखासह काढले, तर योनिमार्गाचे वरचे टोक टाके घालून बंद करावे लागते. ही आतील जखम डोळ्यांना दिसत नाही. पोटावरची खूण सुकली की रुग्ण बरी झाली असे घरच्यांना वाटते. पण आतील टाके भरून येण्यास साधारणपणे सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. घरी घेतल्या जाणाऱ्या काळजीचे बहुतेक सारे नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत.

पाळी कायमची थांबते व गर्भधारणा होऊ शकत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर काही दिवस अंगावरून थोडे लालसर, नंतर तपकिरी पाणी जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाके विरघळू लागतात, तेव्हा स्राव किंचित वाढू शकतो. सहा आठवड्यांपर्यंत थोडा व दुर्गंधी नसलेला स्राव जाणे हे स्वाभाविक समजावे. 'पाळी पुन्हा आली' किंवा 'ऑपरेशन फसले' अशी शंका घेण्याचे कारण नाही.

स्वच्छतेचा धडा

१८५३ मध्ये अमेरिकेतील लॉवेल येथे डॉ. वॉल्टर बर्नहॅम यांनी पोटावाटे गर्भाशय काढले आणि रुग्ण स्त्री जगली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्या काळी अशा बहुसंख्य रुग्ण रक्तस्रावाने किंवा जखम दूषित होऊन दगावत. व्हिएन्ना येथील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये वैद्यांनी हात निर्जंतुक करून प्रसूतीस जावे असा आग्रह धरला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटविले. १८६७ मध्ये डॉ. लिस्टर यांनी जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत मांडली. आज या शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या आहेत, त्याचे मोठे श्रेय स्वच्छतेला आहे. रुग्णालयात पाळली गेलेली ही स्वच्छता घराच्या उंबरठ्यापाशी खंडित होता कामा नये.

पहिला नियम हातांचा. रुग्णाने व तिची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने जखमेस किंवा घडीस हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. जखम कोरडी ठेवावी. हळद, राख, तेल, शेण किंवा कोणताही झाडपाला तिच्यावर लावू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अंगावर तांब्याने पाणी घेऊन स्नान करावे आणि जखमेवरील पाणी स्वच्छ फडक्याने हलकेच टिपून घ्यावे. नदी, विहीर, तलाव किंवा शेततळे यांत उतरून स्नान करणे आतील जखम भरेपर्यंत वर्ज्य समजावे. टबात बसून स्नान करण्यासही हाच नियम लागू आहे.

दुसरा नियम गुप्तांगाच्या स्वच्छतेचा. ते फक्त बाहेरून, स्वच्छ पाण्याने धुवावे. धुताना व पुसताना हात पुढून मागे न्यावा, म्हणजे शौचाच्या जागेतील जंतू पुढे येत नाहीत. योनिमार्गाच्या आत पाण्याची धार सोडणे, जंतुनाशक द्रव किंवा साबण वापरणे, तुरटीचे पाणी घेणे, औषधी धुरी घेणे हे सर्व टाळावे. योनिमार्गात उपयुक्त जंतूंचे एक नैसर्गिक संरक्षण असते. ते अशा उपायांनी नाहीसे होते आणि ताज्या टाक्यांना इजा पोहोचते. बाळंतिणीस शेक व धुरी देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीस ती लावू नये, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस आदराने समजावून सांगितले पाहिजे.

तिसरा नियम घडीचा व वस्त्राचा. स्रावासाठी बाहेरून ठेवावयाची घडी किंवा पॅड वापरावे. आत ठेवावयाची कोणतीही वस्तू वापरू नये. घडी चार ते सहा तासांनी बदलावी. सुती कापडाची घडी वापरण्यास हरकत नाही, परंतु ती साबणाने धुऊन उन्हात वाळविलेली असावी. संकोचापोटी असे कापड इतर कपड्यांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. ते दमट राहते आणि त्यात जंतू वाढतात. उन्हाइतके स्वस्त व सर्वत्र मिळणारे साधन दुसरे नाही. ते न वापरण्यास लाजेखेरीज कारण नाही. अंतर्वस्त्र सुती, सैल व रोज बदललेले असावे.

चौथा नियम मलमूत्राचा. उघड्यावर जावे लागते म्हणून पाणी कमी पिणे आणि अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरणे ही ग्रामीण स्त्रीची जुनी सवय आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रनलिका घातलेली असते, त्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता आधीच वाढलेली असते. त्यात पाणी कमी पडले की जळजळ व ताप ठरलेला. डॉक्टरांनी अन्य काही सांगितले नसेल, तर दिवसातून आठ ते दहा पेले पाणी प्यावे आणि लघवीची भावना होताच जावे. शौचास कुंथावे लागू नये म्हणून पालेभाज्या, मोड आलेली मटकी, फळे व ताक आहारात असावे. 'टाके पिकतील' या समजुतीने भात, डाळ, दूध बंद करणे गैर आहे. ज्या स्त्रीला महिनोन्‌महिने अतिरक्तस्राव झालेला असतो तिच्या अंगात रक्त कमी असते. तिने लोहाच्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात; अंडी, कडधान्ये, शेंगदाणे, बाजरीची भाकरी हे पदार्थ घरचेच आहेत.

विश्रांतीचा हिशेब

विश्रांती म्हणजे सतत झोपून राहणे नव्हे. पहिल्या दिवसापासून पाय हलविणे, घोटे वर-खाली करणे आणि आधाराने चार पावले चालणे आवश्यक असते. नाहीतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा संभव असतो. पहिल्या दोन आठवड्यांत घरातल्या घरात फिरावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालणे वाढवावे, बसून करता येण्यासारखी हलकी कामे करावीत. खोकताना वा शिंकताना पोटावर उशी धरावी. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे.

ओझ्याची बाब मात्र कडक आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचे वजन धरून पंधरा किलोंहून अधिक भार. निदान सहा आठवडे हंडा, सरपणाची मोळी, धान्याचे पोते, चाऱ्याचा भारा किंवा मूल कडेवर घेणे, यांपैकी काहीही करू नये. उकिडवे बसून धुणी धुणे, उपसा करणे, खुरपणी, हातपंप मारणे हेही टाळावे. भार उचलताना पोटातील दाब खाली येतो, आतील टाके उसवू शकतात आणि पुढे काही वर्षांनी 'अंग बाहेर येणे' हा त्रासही जडू शकतो. पोटावर छेद घेतला असेल तर सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीने किंवा योनिमार्गाने शस्त्रक्रिया झालेली स्त्री लवकर हिंडू-फिरू लागते. परंतु आतील जखम तिलाही असतेच, म्हणून ओझ्याचा नियम तिलाही आहे.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत पतिपत्नींनी शरीरसंबंध वर्ज्य करावा आणि डॉक्टरांनी जखम भरल्याचे सांगितल्यावरच तो सुरू करावा. ही गोष्ट पतीला कोणी सांगितलेली नसते आणि पत्नीला ती सांगता येत नाही. रुग्णालयातून घरी पाठविताना परिचारिकेने, व गावी आल्यावर आशा कार्यकर्तीने, दोघांनाही ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहत बसू नये : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, तासाभरात घडी भिजेल एवढा रक्तस्राव किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी, दुर्गंधीयुक्त स्राव, जखम लाल होणे, उसवणे, तिच्यातून पू येणे, पोटात वाढत जाणारी वेदना व सतत उलट्या, लघवी न होणे किंवा उलट नकळत सारखी गळत राहणे, एका पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे वा धाप लागणे. यांपैकी शेवटची दोन लक्षणे विशेष धोक्याची आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. नकळत लघवी गळणे ही शरमेची बाब मानून स्त्रिया वर्षानुवर्षे लपवितात. मूत्राशयास इजा झाल्याची ती खूण असू शकते व तिच्यावर उपचार आहेत.

रुग्णालयाचे कार्ड आणि काढलेल्या गर्भाशयाच्या प्रयोगशाळा तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. अंडाशय काढले की ठेवले, गर्भाशयाचे मुख काढले की ठेवले, हे त्यावरून कळते. मुख ठेवलेले असल्यास त्याच्या कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही करावी लागते.

अंडाशय आणि मन

दोन्ही अंडाशय काढले तर रजोनिवृत्ती हळूहळू न येता एकदम येते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, घाम, निद्रानाश, चिडचिड, योनिमार्गात कोरडेपणा ही तिची लक्षणे. लहान वयात असे झाल्यास हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून सबळ कारणाशिवाय तरुण स्त्रीचे अंडाशय काढू नयेत, असे वैद्यकशास्त्र सांगते. ते काढावेच लागले असतील, तर संप्रेरकांचे उपचार, कॅल्शियम, नियमित चालणे यांविषयी डॉक्टरांचा सल्ला पुढे दीर्घकाळ घ्यावा. कोरडेपणावरही औषध आहे. तो निमूटपणे सोसण्याचा विषय नव्हे.

'पिशवी गेली म्हणजे बाईपण गेले' असे एखादी शेजारीण सहज बोलून जाते आणि तो शब्द जखमेपेक्षा जास्त दिवस दुखतो. स्त्रीचा संसार, तिची माया, तिची कर्तबगारी यांपैकी काहीही गर्भाशयावर अवलंबून नाही. बरी झालेली स्त्री पूर्ववत संसार करू शकते. मात्र पुष्कळ दिवस उदास वाटणे, रडू येणे, अन्नावरची वासना जाणे असे घडल्यास तो आजाराचाच भाग समजून उपचार करावेत.

बीडचा इशारा

येथवर सांगितलेले नियम कठीण नाहीत. पण ते पाळण्याची मुभा सर्व स्त्रियांना सारखी नाही. हिवरे बाजार ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. फडाशेजारी पालात राहणे, शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पाण्याची वानवा. अशा स्थितीत पाळीचे चार दिवसही ओझे वाटू लागतात.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील या स्त्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढण्यात आल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे सहा जणींमागे एक असे पडते. वर दिलेल्या राष्ट्रीय सरासरीशी याची तुलना केली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. त्यांतील अनेक स्त्रिया चाळिशीच्या आतील होत्या. यानंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, अशी व्यवस्था करण्यात आली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असे त्यात सांगितले.

ज्या स्त्रीने रोजचे काम बुडू नये म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली, तिला सहा आठवड्यांची विश्रांती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी असते, हा या प्रकरणातील सर्वांत कटू भाग होय. ती उचल फेडण्यासाठी लवकरच फडावर जाते, मोळी डोक्यावर घेते आणि कंबरदुखी व ओटीपोटातील वेदना तिच्या आयुष्याला चिकटून राहतात. त्रासातून सुटण्यासाठी केलेला उपाय तिला नवा त्रास देऊन जातो.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

काही आजारांत गर्भाशय काढणे आवश्यक असते. कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या व त्रासदायक गाठी, पूर्णपणे बाहेर आलेले अंग ही त्यांची उदाहरणे. तेथे विलंब करू नये. परंतु अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी किंवा पोटात दुखणे एवढ्यावरून गर्भाशय काढण्याचे कारण नाही. यांतील पुष्कळसे आजार साध्या औषधांनी बरे होतात.

डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे तिच्यात आढळले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र ८ टक्केच होत्या. वर्षानुवर्षे अंगावर काढलेला साधा आजार शेवटी मोठ्या शस्त्रक्रियेच्या दाराशी कसा पोहोचतो, हे या दोन आकड्यांवरून उमगते. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' ही भीतीही स्त्रीला तेथे घेऊन जाते. या भीतीवर खरे उत्तर तपासणी हे आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने ३० ते ५९ वर्षे वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांबाबत अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या विषाणूची एकच तपासणी केल्यानेही या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीय घटतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला. शासनाच्या आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या तपासणीची तरतूद आहे. तिचा लाभ घ्यावा.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास स्त्रीने व तिच्या कुटुंबाने पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : नेमका आजार कोणता? त्याचा तपासणी अहवाल आहे काय? औषध किंवा अन्य लहान उपाय करून पाहिला काय? अंडाशय ठेवणार की काढणार? त्यानंतर शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. तातडीचा रक्तस्राव वगळता, दुसरे मत घेण्याइतका वेळ बहुधा असतो.

गावाने काय करावे?

हिवरे बाजारच्या ग्रामसभेने विवाहापूर्वी एचआयव्हीची तपासणी करण्याचा पायंडा पाडला. ज्या विषयाचा उच्चारही चारचौघांत होत नसे, त्यावर गावाने एकत्र बसून निर्णय घेतला. स्त्रियांच्या आजारांबाबतही ग्रामसभेला हे करता येईल. त्यासाठी कोणा एका स्त्रीचे नाव घेण्याची गरज नाही आणि ते घेऊही नये. याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील, प्रसंगी निरक्षर, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. गावातील स्त्री गावातील स्त्रीला अवघड गोष्ट सहज सांगू शकते, हा त्या प्रयोगाचा धडा होता. आजच्या आशा कार्यकर्तीकडून तेच काम अपेक्षित आहे. शस्त्रक्रिया होऊन आलेल्या स्त्रीला तिने पहिल्या, दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात भेट द्यावी, जखम व ताप पाहावा आणि तपासणीची तारीख लक्षात आणून द्यावी.

ग्रामपंचायत सदस्यांना बरेच करता येईल. ज्या घरात शौचालय वा नळजोडणी नाही, त्या घरातील स्त्रीच्या शस्त्रक्रियेची वाट न पाहता ते काम आधी घ्यावे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय वर्षातून दोनदा तरी ठेवावा. एक बैठक टोळ्या निघण्यापूर्वी आणि दुसरी त्या परतल्यावर घेतल्यास स्थलांतरित स्त्रियांची तपासणीही त्याच वेळी करता येईल. बचत गटांनी अडचणीतल्या भगिनीस सहा आठवड्यांपुरते बिनव्याजी साहाय्य दिले आणि पाळीपाळीने तिचे पाणी भरले, तर मोठा खर्च न होता मोठे काम होईल. रोजगार हमीच्या कामावर येणाऱ्या स्त्रीला, डॉक्टरांच्या परवानगीनंतरही, प्रथम मुले सांभाळण्याचे वा पाणी देण्याचे हलके काम देण्याकडे संबंधित अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे.

शिक्षकांकडे एक महत्त्वाची खूण असते, ती म्हणजे हजेरीपट. आई अंथरुणाला खिळली की बारा-चौदा वर्षांची मुलगी शाळेतून नाहीशी होते, कारण घरातला हंडा आता तिच्या कमरेवर आलेला असतो. सलग आठ दिवस न आलेल्या मुलीच्या घरी चौकशी केली, तर मुलीचे शिक्षण व आईची विश्रांती या दोहोंचे रक्षण होईल. घरातील मुलग्यानेही हंडा उचलावा, एवढा पाठ शाळेत देता येण्यासारखा आहे.

हिवरे बाजारमध्ये दरवर्षी ग्रामसभा किती पाऊस पडला, पिण्यास किती लागेल, जनावरांस किती, पिकांस किती, हे जमिनीवर बसून मोजते व त्याप्रमाणे वागते. स्त्रीच्या श्रमाचाही असाच हिशेब मांडता येतो. दिवसाला किती हंडे, किती मैल, किती ओझे, आणि ती आजारी पडली तर त्यांतील कोणते काम कोण उचलणार, हे प्रत्येक घराने व गावाने आधीच ठरवून ठेवावे. शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. तेवढे दिवस तिच्या डोक्यावरचा हंडा दुसऱ्याने वाहिला, तर पुढची पंचवीस-तीस वर्षे ती ताठ कण्याने आपला संसार चालवील.